डोंगरावरचे सोने आणि मैदानावरचा पूर

नदी एकाच गावाची नसते. वरच्या गावाने तिच्यात जे टाकावे, ते खालच्या गावाच्या दारी जाऊन पडते. ही गोष्ट अगदी साधी आहे. परंतु ती मान्य करून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका नगराला न्यायालयात दाद मागावी लागली.

अमेरिकेच्या पश्चिम भागात कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. तेथील सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी 1848 साली सोने सापडले आणि दूरदूरचे लोक तिकडे धावले. आरंभी ते नदीतील वाळू परातीत धुऊन सोन्याचे कण वेचीत. पुढे ही वाळू संपत आली. पण डोंगरांच्या पोटात सोनेमिश्रित मातीचे जाड थर होते. 1853 साली एडवर्ड मॅटेसन याने नळीच्या टोकाला तोटी बसवून पाण्याचा जोरदार झोत डोंगरावर सोडला. माती भराभर ढासळू लागली. पुढे मोठमोठे पाट खोदून उंचावरून पाणी आणण्यात आले व तोफेसारख्या लोखंडी नळ्यांतून त्याचा मारा होऊ लागला. पाहता पाहता डोंगरचे डोंगर वाहून गेले.

त्या मातीतून सोने काढून घेतले जाई. उरलेला राडारोडा मात्र नदीत सोडून देत. डोंगरातून वेगाने उतरणारी नदी दगडमाती सहज वाहून नेते. परंतु मैदानात येताच तिचा वेग मंदावतो आणि अंगावरचा भार ती तेथेच टाकते. त्यामुळे तिचे पात्र उथळ होते. उथळ पात्रात पावसाळ्याचे पाणी कसे मावणार? ते काठ ओलांडून शेतांत आणि घरांत शिरते.

यूबा आणि फेदर या नद्यांच्या संगमावर मेरीस्व्हिल हे नगर वसलेले आहे. त्याच्या भोवतालच्या सुपीक शेतांवर आणि फळबागांवर खडीचे व चिखलाचे थर साचले. यूबेचे पात्र नगरातील रस्त्यांपेक्षाही उंच झाले! नागरिकांनी सभोवार मातीचे बांध घातले. गाळ वाढला, की बांध वाढवावा, असा क्रम चालू राहिला. पण एका तीराचा बांध उंच झाला, की पुराचे पाणी दुसऱ्या तीराकडे लोटले जाई. मग तेथील लोकही आपला बांध उंच करीत. अशा रीतीने शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैर वाढू लागले. पूर मात्र कमी होईना. 1875 सालच्या जानेवारीत मेरीस्व्हिलचा बांध फुटला आणि सारे नगर पाण्याने व चिखलाने भरून गेले.

आता खालची नगरे आणि डोंगरातील नेवाडा सिटीसारखी खाणींची गावे यांच्यातील वाद विकोपाला गेला. खाणवाले म्हणत, "येथे प्रथम आम्ही आलो. आमच्यावर हजारो लोकांचे पोट आहे. शिवाय कोणत्या खाणीची माती कोठे पडली, हे कोण सांगणार?" नगरवासी म्हणत, "तुमच्या पोटासाठी आमची घरे का बुडावी?"

1882 साली मेरीस्व्हिल येथील मालमत्तेचे एक मालक एडवर्ड्स वुडरफ यांनी नॉर्थ ब्लूमफील्ड ही खाण कंपनी व इतर कंपन्या यांच्यावर फिर्याद केली. न्यायमूर्ती लॉरेन्झो सॉयर यांनी साक्षी ऐकल्या. एवढेच नव्हे, तर खाणी आणि नद्या स्वतः जाऊन पाहिल्या. 7 जानेवारी 1884 रोजी त्यांनी निकाल दिला. खाणीतील राडारोडा नदीत सोडण्यास त्यांनी कायमची मनाई केली. सोने काढण्यास त्यांनी बंदी केली नाही. दुसऱ्याचे नुकसान करून ते काढण्यास बंदी केली.

या निकालाने अनेक खाणी बंद पडल्या आणि डोंगरातील कितीतरी कुटुंबांची उपजीविका गेली. न्यायाचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, ती अशी. आणि नदीत आधीच पडलेली माती निकालाने नाहीशी झाली नाही. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1917 साली आपल्या अहवालात तिचा अंदाज सुमारे दीडशे कोटी घनयार्ड दिला. तो गाळ कित्येक दशके खाली सरकत राहिला. मेरीस्व्हिल आजही बांधांच्या कड्यात उभे आहे.

आपल्या वस्तूचा उपयोग करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण तो शेजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंतच. बांध पाण्याला थोडा वेळ अडवितात. पुराचे मूळ जेथे असते, तेथे जाऊन ते थांबविणे, हाच त्यावरचा खरा उपाय होय.