खिडक्या बदलताय? तीन कोटेशन्सची तुलना अशी करा. स्वस्त वाटणारा दर महाग पडू शकतो!

पावसाळा तोंडावर आला की जुन्या इमारतींमधल्या खिडक्यांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. लाकडी चौकट फुगलेली, लोखंडी गंजलेली, स्लायडिंगच्या रुळातून थेट पलंगावर पाणी. मग दोन-तीन ठेकेदारांना बोलावून कोटेशन मागवले जाते. तिघांचे आकडे वेगळे आणि लिहिण्याची पद्धतही वेगळी. अशा वेळी सर्वांत कमी आकडा निवडणे सोपे वाटते. पण तो आकडा खरेच कमी आहे का?

आधी हिशेब एका पातळीवर आणा

समजा, तुमच्या फ्लॅटला ५ बाय ४ फुटांच्या चार खिडक्या आहेत. म्हणजे एकूण ८० चौरस फूट.

पहिला ठेकेदार म्हणतो, ५५० रुपये चौरस फूट. म्हणजे ४४,००० रुपये. दुसरा ७५० रुपये सांगतो, पण 'सगळे धरून'. म्हणजे ६०,००० रुपये. फरक तब्बल १६,००० रुपयांचा.

आता पहिल्याच्या कोटेशनची खालची बारीक ओळ वाचा. डासांच्या जाळीचे ८० रुपये चौरस फूट वेगळे: ६,४०० रुपये. जुनी खिडकी काढणे, नवी बसवणे प्रत्येकी १,००० रुपये: ४,००० रुपये. बेरीज ५४,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ९,७९२ रुपये. एकूण ६४,१९२ रुपये! म्हणजे 'स्वस्त' ठेकेदार चार हजारांहून अधिक महाग पडला.

(हे दर केवळ उदाहरणासाठी आहेत.)

मोजमाप कसे धरले?

खिडकी प्रत्यक्षात ४ फूट १० इंच बाय ३ फूट १० इंच असेल, तर क्षेत्रफळ सुमारे साडेअठरा चौरस फूट भरते. अनेक जण ती ५ बाय ४, म्हणजे २० चौरस फूट धरतात. चार खिडक्यांत जवळपास सहा चौरस फुटांचे जादा पैसे जातात. त्यामुळे माप प्रत्यक्ष की पुढच्या फुटाला धरून, हे आधीच विचारा.

कोटेशनमध्ये या गोष्टी लेखी हव्यातच

• सेक्शन: 'चांगल्या क्वालिटीचे अॅल्युमिनियम' एवढे पुरेसे नाही. कंपनी, सिरीज आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. अॅल्युमिनियम किलोवर विकले जाते. पातळ सेक्शन वापरला की ठेकेदाराचा खर्च लगेच कमी होतो.

• यूपीव्हीसी असेल तर: आत गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी आहे का? नमुन्याला ताकदीचे लोहचुंबक लावून पाहा. आत स्टील असेल, तर ओढ जाणवते.

• काच: जाडी किती, साधी की टफन्ड? टफन्ड काचेच्या कोपऱ्यात सहसा शिक्का असतो. ती फुटली तर धारदार पात्यांऐवजी बारीक तुकडे होतात. घरात लहान मुले असतील तर इथे काटकसर नको.

• ट्रॅक: दोन काचा आणि जाळी असेल, तर तीन ट्रॅक लागतात. दोन काचांची स्लायडिंग खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, हेही लक्षात घ्या.

• पाण्याचा निचरा: खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे हवीत. चौकट आणि भिंतीमधल्या फटीत कोणते सीलंट भरणार, तेही लिहून घ्या.

• तोडफोड आणि राडारोडा: प्लास्टरची दुरुस्ती, राडारोडा उचलणे आणि जुन्या ग्रीलचे काय करायचे, हे कोणाकडे?

सोसायटीला विचारले का?

खिडकीचा रंग, ग्रीलचा आकार यामुळे इमारतीचे बाहेरचे रूप बदलते. ऑर्डर देण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. काम झाल्यावर आक्षेप आला, तर खर्च दुप्पट होतो.

पैसे टप्प्याटप्प्याने

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. काही भाग ऑर्डरला, काही माल आल्यावर सेक्शन आणि काच तपासून, आणि उरलेला काम संपल्यावर. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बाहेरून खिडकीवर पाइपने पाणी मारून पाहा. वरच्या मजल्यावर हे शक्य नसेल, तर थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच लिहून घ्या.

जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवा. ठेकेदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे तोंडी शब्दापेक्षा हाच कागद उपयोगी पडतो.

थोडक्यात: तिन्ही ठेकेदारांना एकच यादी द्या आणि त्याच यादीवर दर मागा. 'सगळे धरून किती?' हा एक प्रश्न तिघांनाही विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या.