कोपीजवळची चूल : टोळी फडात गेल्यावर जास्त जपा

कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि दोन-चार दिवसांत माळावर कोप्यांची रांग उभी राहते. बांबू, चटई, वरून पाचट आणि दारातच तीन दगडांची चूल. पाचट म्हणजे वाळकं पान, त्याला एक ठिणगी पुरते. कोप्या एकमेकींना खेटून असल्या तर आग एकीवर थांबत नाही.

भाकरी थापताना बाई चुलीपुढेच असते, ठिणगी उडाली तर लगेच दिसते. खरा धोका नंतर. पहाटे तीन-चारला स्वयंपाक उरकून सगळे फडात जातात. काडी वाचावी म्हणून विस्तव राखेत पुरून ठेवायची जुनी सवय. दिवस वर आला की वारा सुटतो, राख उडते, निखारा उघडा पडतो. त्या वेळी कोपीवर म्हातारं माणूस नाहीतर लहान लेकरं. म्हणून निघताना चुलीत तांब्याभर पाणी ओता, राख हलवा, पुन्हा ओता. मुकादमाने रोज एकाला सगळ्या चुली बघूनच निघायला सांगावं.

चूल मांडायच्या आधी मूठभर माती उधळून वारा बघा. वारा कोपीवरून चुलीकडे गेला पाहिजे, चुलीवरून कोपीकडे नको. वारा फिरतोही, म्हणून पंधरा-वीस पावलं अंतर ठेवाच. सगळ्यांच्या चुली एकाच बाजूला असल्या तर उत्तम. भोवतालचं पाचट खरडून जमीन उघडी करा. सरपण लांब, पाण्याचा भरलेला ड्रम आणि मातीचं घमेलं जवळ.

छोटा गॅस असेल तर चुलीपासून दूर ठेवा. गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो. वास आला तर काडी ओढू नका, बटण दाबू नका. लांब जाऊन 1906 ला फोन करा.

जागा देणाऱ्या शेतकऱ्यांनाही सांगायचंय. विजेच्या तारेखालचा तुकडा दाखवून मोकळं होऊ नका. शेजारच्या रानात पाचट पेटवायचं तर आधी मुकादमाला सांगा. (खरं तर पेटवूच नये, कुजवलं तर रानालाच खत होतं.)

आग लागलीच तर आधी लेकरं बाहेर काढा, बैलांची दावी कापा. बोचकं आणायला परत आत शिरू नका. फोन 101 किंवा 112, माणूस भाजलं तर 108. तालुक्याचा बंब यायला वेळ लागतो, म्हणून कारखान्याकडे बंब आहे का ते चिटबॉयकडून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

भाजल्यावर वीस मिनिटं साधं पाणी ओता, बर्फ नको. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी काढा. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका. चिकटलेलं कापड ओढू नका.

सामान जळालं तर राख उचलायच्या आधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाचे फोटो मोबाईलमध्ये आजच घेऊन ठेवा आणि गावाकडच्या एका माणसालाही पाठवा.