अन्न, वैद्य आणि बाळंतिणीचे तीन महिने

तंजावूरहून पट्टुक्कोट्टैच्या दिशेनं दक्षिणेला निघालं की वाटेत ओरत्तनाडु लागतं. तालुक्याचं गाव. चहूकडे भातशेती, मधून कालवे. इथं सरफोजीराजे भोसल्यांनी (दुसरे) 1802 साली एक छत्र बांधलं, त्याचं नाव मुक्तांबाळ छत्र. मुक्तांबाळ ही राजांची लाडकी, पण विधिवत लग्नाची राणी नव्हे. आपल्या नावानं पांथस्थांना जेवण मिळत राहावं, असं तिनं मरताना मागितलं, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. इमारतीची एक बाजू रथासारखी घडवली आहे आणि तो ओढायला दगडी हत्ती-घोडे जुंपले आहेत. फोटो काढणारे तिथंच थांबतात. खरी नवलाची गोष्ट आत चालायची, ती म्हणजे कारभार.

व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास तंजावूर घेतलं आणि 1855 साली शिवाजीराजे (दुसरे) पुत्राविना वारले तेव्हा राज्य संपलं. या पावणेदोनशे वर्षांत तंजावूरकर भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर आणि समुद्रकाठानं छत्रांची रांगच उभी केली. नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र प्रतापसिंहांच्या काळातलं. मिमिसलला राजकुमारांबाळ, मणमेलकुडीला द्रौपदांबाळ. बहुतेक छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत. सेतुभावाछत्रम् हे नाव मात्र एका गोसाव्यावरून पडलं. आज तमिळनाडू सरकारच्या दप्तरी तो एक अख्खा विकासगट आहे. आपल्याकडे देवस्थानाच्या अन्नछत्रात प्रसाद घेऊन माणूस बाहेर पडतो. या छत्रांत काय काय होत असे ते कळतं एका पत्रावरून.

पत्राला पार्श्वभूमी आहे. 1799च्या तहानं सरफोजींनी मुलखाचा कारभार इंग्रजांना दिला. त्यांच्याकडे किल्ला, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. छत्रांना लावून दिलेल्या गावांचं काय, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. जानेवारी 1801 मध्ये राजांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलं. राज्य गेलेला राजा काय मागतो? किल्ल्याची डागडुजी नाही, तोफांची सलामी नाही. पूर्वजांची छत्रं आपल्या हाती राहू द्यावीत, एवढंच तो मागतो आणि तिथं काय चालतं याचा तपशील देतो.

तो असा. ब्राह्मणापासून परैयापर्यंत जो येईल त्याला अन्न. जोगी, जंगम, अतीत, बैरागी, सगळे त्यात आले. शिजवलेला भात नको असेल त्याला कोरडा शिधा, मसाल्यासकट. वाटप मध्यरात्रीपर्यंत चालायचं. मग घंटा वाजवून पुकारा करायचा, की कोणी जेवायचं राहिलं असेल तर यावं. ज्याला पुढचा प्रवास झेपत नाही त्यानं राहावं. राहील तोवर जेवण. प्रत्येक छत्राला वेद शिकवणारे गुरुजी, पंतोजी आणि वैद्य नेमलेले. वैद्याला रोगांबरोबर सूज आणि सर्पविष उतरवता आलं पाहिजे. परक्या वाटसरूंची पोरकी मुलं पंतोजींच्या हवाली. त्यांना दिवसाला तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालणं, औषध, कपडे. आजाऱ्याला पथ्याचं अन्न. तान्ह्या मुलांना दूध. गरोदर बाई छत्रात बाळंत झाली तर सगळा खर्च छत्राचा, आणि बाळंतपणानंतर तीन महिने राहायची मुभा. कोणी तिथंच मेला, तर त्याच्या जातीच्या रीतीनं क्रियाकर्म.

हे राजानं स्वतःच्या संस्थेबद्दल अर्ज करताना लिहिलेलं आहे, म्हणून त्यात थोडं रंगवणं असणार, हे धरून चालू. तरी यादी खोटी वाटत नाही, कारण ती फार बारीक आहे. चार दिवसांनी तेल हा तपशील जमाखर्च पाहिलेल्या माणसालाच सुचेल. तंजावूरच्या मराठी राज्याचे मोडी कागद रुमालांत बांधून मागे उरले आहेत, आणि या दरबाराला लिहून ठेवायची दांडगी हौस होती. बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा मराठी इतिहास 1803 साली कोरवून घेणारा राजा हाच. मुदपाकखान्यातल्या पाककृतींचंही ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ त्याच्या नावानं लिहिलं गेलं.

घरातली भूक अडवायची म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर आज आपण पोषण, आरोग्य, शिक्षण अशा वेगवेगळ्या खात्यांत शोधतो. पत्रातल्या यादीनं ते एकाच छपराखाली ठेवलं होतं. कुटुंब भुकेला लागतं ते एकदम लागत नाही. घरातला कमावता आजारी पडतो, बाळंतपण येतं, आईबाप मरतात, मूल कामाला जुंपलं जातं. अन्न संपणं ही शेवटची पायरी. त्या आधीच्या पायऱ्यांवर वैद्य आहे का, पंतोजी आहे का, तीन महिन्यांची सवड आहे का, हे विचारणारी संस्था पंगतीच्या पलीकडचं काही करते. नुसती पंगत उद्या पुन्हा मांडावीच लागते.

सरफोजींना ही समज वारशानं मिळालीच, पण त्यांनी लहानपणी दुष्काळही पाहिला होता. ते 1777 साली जन्मले. चार वर्षांचे झाले तोवर हैदरअलीच्या फौजांनी कावेरीकाठ उद्ध्वस्त केला होता. बंधारे फोडले, गुरं नेली, माणसं मेली किंवा पळाली. त्या काळी तंजावूरला ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी होते. किल्ल्यात शिपाई उपाशी मरायला टेकले होते. बाहेर मुलखात धान्य होतं, पण ते आत आणायला बैल मिळेनात, कारण सरकार पैसे देतो म्हणतं आणि देत नाही, हे शेतकरी शिकून बसले होते. शेवटी श्वार्ट्झनी स्वतःच्या शब्दावर पैशाची हमी दिली. दोन-तीन दिवसांत हजारावर बैल उभे राहिले आणि 80,000 कलम (तिकडचं धान्याचं माप) धान्य किल्ल्यात आलं. पुढे याच श्वार्ट्झनी सरफोजींचं पालकत्व केलं. त्यांचं संगमरवरी स्मारक राजांनी इंग्लंडच्या फ्लॅक्समनकडून करवून घेतलं. ते तंजावूरच्या चर्चमध्ये आहे.

धान्य होतं, पैसाही कुठं ना कुठं होता, शब्दाला किंमत नव्हती. अन्न वाटणाऱ्या कुठल्याही मंडळाची खरी पुंजी म्हणजे शब्दाची पत, आणि ती ताळेबंदात दिसत नाही.

छत्रांकडे दुसरी पुंजी होती, जमिनीची. गावं लावून दिलेली, त्यांच्या उत्पन्नातून रोजचा खर्च. देणगीदाराच्या मर्जीवर किंवा निवडणुकीच्या हंगामावर चूल अवलंबून नव्हती. आपल्याकडे 1995 साली एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रं गावोगाव उघडली. अनुदान आटलं तशी केंद्रं गेली, जागा मात्र राहिल्या आणि तिथं भलतेच धंदे बसले. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, तिचाही श्वास अनुदानावर. तंजावूरकरांनी चुलीमागे शेत ठेवलं, म्हणून राज्य जाऊनही छत्रं एका झटक्यात बंद पडली नाहीत. आधी इंग्रज सरकार, मग जिल्हा बोर्ड, असा त्यांचा कारभार हातोहात जात राहिला.

पण त्या शेतात राबत कोण होतं? मला या कहाणीत सगळ्यात जास्त खटकतं ते इथं. ज्या भातावर पंगती उठल्या तो पिकवणारा पण्णैयाळ, म्हणजे वतनदाराच्या शेतावर बांधलेला मजूर, वर्षातले काही महिने अर्धपोटी असे. लावणी उरकली की कापणीपर्यंत हाताला काम नाही. रामेश्वरला जाणाऱ्या बैराग्याला मध्यरात्री घंटा वाजवून बोलावणारी व्यवस्था वेशीबाहेरच्या चेरीतल्या, म्हणजे दलित वस्तीतल्या, चुलीकडे पाहत नव्हती, कारण तिचा धर्म वाटसरूशी बांधलेला होता. आणि परैयाला अन्न मिळे, पण त्याच पंगतीत नव्हे. डिसेंबर 1937 मध्ये नीडामंगलमला, म्हणजे यमुनांबाळ छत्राच्याच गावी, काँग्रेसची राजकीय परिषद भरली. तिथल्या सहभोजनाला बसलेल्या दलित मजुरांना नंतर मारहाण झाली, डोकी भादरली गेली, शेणपाणी पाजलं गेलं, अशी तक्रार उजेडात आली. ‘विडुदलै’ या तमिळ वृत्तपत्रानं ती लावून धरली, प्रकरण कोर्टात गेलं. सव्वाशेहून अधिक वर्षं धर्मादाय जेवण चालू असलेल्या मुलखातली ही गोष्ट आहे. कीळवेण्मणिची तर याहून भयंकर. भाताच्या मजुरीचं माप वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीतली 44 माणसं 25 डिसेंबर 1968 च्या रात्री एका झोपडीत जाळली गेली. हे गावही तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातलंच. दक्षिणेचं भाताचं कोठार म्हणतात तेच हे.

दान हातात असलेल्याकडून ही गाठ सुटत नाही. सुटायला लागली ती कारभार दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर. 1920च्या दशकात ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम तंजावूर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. छत्रांचं उत्पन्न बोर्डाच्या ताब्यात होतं. त्यांनी ओरत्तनाडु आणि राजामडम इथं गरीब ब्राह्मणेतर मुलांसाठी मोफत वसतिगृहं सुरू केली. तिरुवैयारूचं संस्कृत महाविद्यालय छत्रांच्याच पैशावर चालायचं. तिथं तमिळला जागा करून दिली. यासाठी नवा कर लागला नाही की नवी देणगी लागली नाही. जुन्या जमिनीचं उत्पन्न नव्या माणसांकडे वळवलं, एवढंच. मुक्तांबाळच्या नावाचा भात आता अशा मुलांच्या ताटात पडू लागला, ज्यांचे आजोबा त्या दारात वाटसरू म्हणूनच आले असते. पन्नीरसेल्वम 1940 साली लंडनला जाताना ओमानच्या आखातात विमान बेपत्ता होऊन गेले. तंजावूरबाहेर त्यांचं हे काम फारसं कोणाला ठाऊक नाही.

जेवणाला शाळा जोडण्याची कल्पना पुढे राज्यभर गेली. 1956 मध्ये मुख्यमंत्री कामराजांनी शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं तेव्हा गावोगावच्या लोकांनी धान्य आणि पैसे काढले. सरकारनं नंतर मोठा वाटा उचलला. एम. जी. रामचंद्रन यांनी 1 जुलै 1982 पासून योजना प्रचंड वाढवली आणि अर्थतज्ज्ञांनी दिवाळखोरीचे इशारे दिले. दिवाळं निघालं नाही. आज त्या ताटात शाळेच्या पाचही दिवशी अंडं असतं. 25 ऑगस्ट 2023 ला सकाळच्या न्याहारीचा राज्यभर विस्तार झाला, तो तिरुक्कुवळै इथून. ते करुणानिधींचं जन्मगाव, पूर्वी तंजावूर जिल्ह्यात, आता नागपट्टिनममध्ये. न्याहारी रांधतात बचत गटातल्या बायका, बहुधा त्याच वस्तीतल्या. मुलाला शाळेत दोन वेळा पोटभर मिळालं, की घरातल्या भांड्यात आईसाठी काही उरतं. शेवटी जेवणारी तीच असते.

माझ्या मते मात्र सगळ्यात मोठा बदल रेशनच्या दुकानात झाला. केंद्रानं 1997 मध्ये दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे भेद केले. तमिळनाडूनं ते नाकारून सर्वांसाठी रेशन ठेवलं आणि 2011 पासून महिन्याला 20 किलोपर्यंत तांदूळ फुकट केला. बहुतेक दुकानं सहकारी संस्था चालवतात. कर्ज, खत, धान्य असा सगळा व्यवहार एका गावच्या संस्थेत. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, म्हणून दुकानाच्या रांगेत उभं राहायला लाज वाटत नाही, आणि ज्या रांगेत शाळामास्तर नि तलाठ्याचीही बायको उभी असते तिथं तांदूळ कुबट आला तर आरडाओरडा होतो. फक्त गरिबांसाठी असलेल्या दुकानात तो मुकाट्यानं घेतला जातो.

छत्राच्या दारीही दाखला लागत नसे, एवढा धागा मला जुळलेला दिसतो. बाकी उलटं आहे. तिथं माणूस चालत अन्नापर्यंत यायचा, इथं दर महिन्याला तांदूळ घराच्या चुलीपर्यंत जातो, आणि मजूर कुटुंबाला लावणी ते कापणीची खिंड ओलांडता येते. मेट्टूर धरणाचं पाणी साधारण 12 जूनला सोडायचा रिवाज आहे. ते उशिरा आलं आणि कुरुवै भाताचा हंगाम बुडाला तरी, मजुरी जाते पण चूल विझत नाही.

आता उणीव आहे ती पत्रातल्या उरलेल्या ओळींची. तांदूळ आहे, पण तान्ह्यांच्या दुधाचं, पथ्याच्या अन्नाचं काय? ओडिशातल्या की बिहारमधल्या गावातून तिरुप्पूरच्या कापडधंद्यात आलेल्या, इथलं रेशनकार्ड नसलेल्या मजूर बाईला बाळंतपणानंतरचे तीन महिने कोण सांभाळतं? राहील तोवर जेवण, हा नियम ज्याच्यासाठी होता तो वाटसरू संपलेला नाही. तो आता रेल्वेनं येतो. छत्रांच्या मालमत्तेचा कारभार आजही तंजावूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहे. जमिनी आहेत, खंड येतो. पन्नीरसेल्वमांनी तो एकदा वळवला होता.