गोठलेल्या मशीनचं घड्याळ

डेटा सेंटरमधल्या एकाच सर्व्हरवर डझनावारी संगणक नांदत असतात. त्यांना स्वतंत्र डबे नसतात. सॉफ्टवेअरने उभी केलेली ही ‘व्हर्च्युअल मशीन्स’. प्रोसेसर आपल्या एकट्याचाच आहे, अशा समजुतीत प्रत्येक जण काम करत असतो. प्रत्यक्षात हायपरव्हायजर नावाचा मुकादम तो सगळ्यांना आळीपाळीने वापरायला देतो. पाळी नसलेलं मशीन तेवढा वेळ गोठतं, आणि आपण गोठलो होतो हे त्याला कळतही नाही.

पंचाईत होते ती घड्याळाची. जुन्या पद्धतीत ऑपरेटिंग सिस्टिम हार्डवेअरकडून येणारे ठोके मोजून वेळ ठरवायची. लिनक्स २.६च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे ठोके सेकंदाला १००० असत. मशीन गोठलेलं असताना पडलेले ठोके मोजायचे कोणी? मग हायपरव्हायजर बुडालेले ठोके मागाहून भराभर पाठवू लागला. इकडे लिनक्सही ‘काही ठोके हुकलेले दिसतात’ असं ताडून आपल्या परीने भर घालू लागलं. भरपाई दोनदा झाली आणि मागे पडणारं घड्याळ पुढे धावू लागलं!

खरा तोडगा मोजणी सोडून देण्यात होता. केव्हीएम या हायपरव्हायजरच्या केव्हीएम-क्लॉकसारख्या व्यवस्थेत हायपरव्हायजर स्मृतीच्या एका सामायिक पानावर वेळेची नोंद ठेवतो. मशीन ती वाचतं, प्रोसेसरमधल्या गणकाशी ताडतं आणि चालू क्षण काढतं. मध्ये किती वेळ गोठलो होतो, याने मग बिघडत नाही.

तरी यजमान सर्व्हरचं घड्याळही शेवटी क्वार्ट्झच्या स्फटिकावरच चालतं. दहा लाखांत वीस भागांची चूक किरकोळ वाटते, पण तिचे दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. त्यासाठी नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी एनटीपी ही पद्धत आहे. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी घडवलेल्या या पद्धतीचा पहिला मसुदा १९८५चा. वेळ विचारणारा प्रश्न कधी निघाला, कधी पोचला, उत्तर कधी निघालं, कधी आलं, या चार नोंदींवरून ती प्रवासाचा वेळ वजा करून घड्याळातला फरक काढते.

फरक कळला तरी काटे सरळ फिरवता येत नाहीत. वेळ मागे गेली तर डेटाबेसमधल्या नोंदींचा क्रम उलटतो. म्हणून एनटीपीडी हा प्रोग्रॅम छोटा फरक घड्याळाची गती किंचित बदलून भरून काढतो. ही गती दहा लाखांत जास्तीत जास्त ५०० भाग बदलते, म्हणजे एका सेकंदासाठी निदान ३३ मिनिटं. फरक १२८ मिलिसेकंदांपुढे टिकून राहिला तरच हा प्रोग्रॅम घड्याळाला उडी मारायला लावतो, आणि १००० सेकंदांपुढे गेला तर, वेगळी सूचना नसल्यास, चक्क काम सोडून देतो. रात्रभर स्थगित ठेवून सकाळी जागं केलेल्या मशीनवर हा बाणेदारपणा महागात पडतो. अशा ठिकाणी क्रोनी हा प्रोग्रॅम मला अधिक समजूतदार वाटतो. तो लवकर सावरतो.

भारतात हा आता नियमाचाही विषय आहे. संगणक यंत्रणांची घड्याळं एनआयसी या सरकारी संगणक-सेवा संस्थेच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, असा निर्देश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२मध्ये काढला. भारतीय प्रमाणवेळ याच प्रयोगशाळेतल्या अणुघड्याळांवर सांभाळली जाते. सायबर हल्ल्याचा माग काढताना दहा सर्व्हरच्या नोंदी एका माळेत ओवायच्या, तर सगळ्यांची वेळ एकच हवी.

घड्याळ दुरुस्त करणारा मात्र प्रत्येक मशीनवर एकच असावा. एनटीपी वापरायचं ठरलं, तर व्हीएमवेअरच्या मशीनमध्ये बसवलेल्या ‘व्हीएमवेअर टूल्स’ या साधनांमधली नियमित वेळजुळणी बंद ठेवायची. एवढं करूनही स्नॅपशॉटवरून, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या अवस्थेवरून, परत आणलेल्या मशीनची वेळ ही टूल्स एकदा बदलतातच. ती सवय मोडायला वेगळी सेटिंग्ज आहेत.