चहातली गोळी नको, बैठकीला चला

"डॉक्टर, चहात मिसळायची गोळी द्या. त्यांना कळणार नाही." वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका ताईंची ही विनंती मी नाकारली. डायसल्फिराम नकळत दिलं आणि वर दारू प्यायली गेली, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो.

मग उपाय काय? उपचारांच्या जोडीला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'एए'ची बैठक. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत सावरले. तिथून ही चळवळ सुरू झाली. फी नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. निश्चयही फक्त आजच्या दिवसाचा.

"चाळीत कळलं तर?" ताईंनी विचारलं. १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक व्हरांडा असताना ही भीती खरीच. पण बैठकीत कोण आलं, काय बोललं, हे बाहेर सांगायचं नाही, असा दंडक आहे. तरीही संकोच वाटला, तर दुसऱ्या भागातली बैठक गाठा.

मात्र रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. हात थरथरणं, फिट, दोन-तीन दिवसांत भ्रम होणं जिवावर बेतू शकतं. आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइनही आहे.

नवरा तयार नसेल, तर ताई, तुम्ही एकट्या 'अल-अ‍ॅनॉन'ला जा. ती बैठक घरच्यांसाठीच असते.