विज्ञानकथेचा मेळा वाचकांचा हवा

न्यूयॉर्कला १९३९मध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, ते हौशी वाचकांनीच भरवले. मराठीत मात्र या साहित्यप्रकाराला बळ दिले स्पर्धेने. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवून पहिले बक्षीस मिळवले. म्हणजे पाहिली गेली ती कथा, नाव नव्हे. आता विज्ञानकथेच्या वाचकांचाही मेळा हवा. मराठी साहित्य संमेलन असताना वेगळा मेळा कशाला, असा आक्षेप येईल. २०२१च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच होते, हे खरे. पण तो लेखकाचा सन्मान झाला. वाचकाला तिथे शंका विचारायला सवड कुठली? पुणे-सोलापूर महामार्गावरच्या वरवंडसारख्या गावातूनही पुणे एसटीने गाठता येते. म्हणून मेळा पुण्यात, रविवारी भरवावा आणि विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत ठेवावा.