सहीच्या आधी विचारायचा प्रश्न

दिवाळीच्या आसपास केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पंचक्रोशीत, ऊसतोडीच्या टोळ्यांची निघण्याची लगबग सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फेडायची वाकून ऊस तोडून आणि डोक्यावर मोळ्या वाहून. बँकेच्या भाषेत बोलायचे तर या माणसांचे एकमेव तारण म्हणजे पाठीचा कणा. म्हणूनच ‘मणक्याचे ऑपरेशन’ हे शब्द कानावर पडताच घरातले विचारतात, “पाय तर जाणार नाहीत ना, डॉक्टरसाहेब?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मोठमोठ्या शल्यविशारदांचीही त्याने झोप उडवली आहे. अमेरिकेतल्या पॉल हॅरिंग्टन यांनी वाकडा कणा धातूच्या दांडीने सरळ करण्याची पद्धत १९६२ मध्ये मांडली. पण कणा ताणला की आतल्या मज्जारज्जूलाही ताण बसू शकतो, त्याचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. आणि भुलेतला माणूस तक्रार करणार कशी? १९७३ मध्ये फ्रान्सच्या स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ उपाय सांगितला: शस्त्रक्रिया चालू असतानाच भूल हलकी करून रुग्णाला पाय हलवायला सांगायचे. पाय हलले की पुन्हा झोपवायचे. चाचणी चांगली, पण ती त्या एका क्षणापुरतीच. नंतर इजा झाली तर?

म्हणून आता अखंड पहारा ठेवता येतो. घोट्याजवळच्या चेतातंतूला विजेचा सौम्य झटका देतात. तो संदेश मज्जारज्जूतून चढत सुमारे ४० मिलिसेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो आणि टाळूवरच्या तारांतून पडद्यावर लाट उमटते. उलट दिशेने, डोक्यावरून झटका देऊन पायाच्या स्नायूंची हालचालही मोजतात. दोन्ही लागतात, कारण संवेदनेची वाट शाबूत राहून हालचालीची वाट बिघडू शकते. लाटेची उंची निम्म्याने घटली तर धोक्याची घंटा. मग रक्तदाब वाढवतात, ताण सैल करतात, प्रसंगी नुकताच बसवलेला स्क्रू काढतात. भूलतज्ज्ञालाही जपून वागावे लागते. काही वायू आणि स्नायू सैल करणारी औषधे संदेश दाबून टाकतात.

अर्थात यंत्र म्हणजे हमीपत्र नव्हे. प्रत्येक शस्त्रक्रियेला ते लागतेच असेही नाही. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखालच्या चकतीच्या साध्या शस्त्रक्रियेत बहुधा त्याविना भागते. वाकडा कणा सरळ करताना किंवा मज्जारज्जूतली गाठ काढताना मात्र त्याचे मोल मोठे.

बँकेत जामीनदारांच्या सह्या घेताना मी पाहिले आहे, की माणूस कागद वाचत नाही, समोरच्याचा चेहरा वाचतो. इस्पितळातल्या संमतिपत्राचेही तसेच होते. यंत्राला आणि ते जाणणाऱ्या माणसाला पैसे लागतात. हा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे की गाळला आहे, हे घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. तेव्हा अंगठा किंवा सही उमटण्याआधी एवढेच विचारावे: “डॉक्टरसाहेब, आमच्या माणसाच्या मज्जारज्जूवर ऑपरेशनभर लक्ष कोण ठेवणार? ठेवणार नसाल, तर का लागत नाही?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तो खुर्ची पुढे ओढून समजावून सांगतो.